तिकडचं साल

सत्यशीला फाट्यावर जीपमधून उतरली तेव्हा अजिनाथ लिंबाखाली उभा होता. पायीच आला होता. चैत्राचं ऊन सकाळीच चढलेलं, कपाळावरून घाम ओघळत होता, तरी चेहऱ्यावर हसू होतं. धाकट्या भावाच्या तोंडावर असं मोकळं हसू तिनं याआधी कधी पाहिलं होतं, ते तिला आठवेना. केजहून ती पहिल्या एसटीनं निघाली होती, बीडला गाडी बदलली, शिरूरची जीप धरली, आणि सगळ्या वाटेत अंगडं-टोपडं, कुंची न् चांदीचे वाळे घातलेली पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती. बाळाची आत्या ती. बारशाची निम्मी मानकरी.

"मोटरसायकल न्हाई आनलीस?" तिनं विचारलं, आणि विचारताक्षणीच जीभ चावली.

"दादा घेऊन गेलाय शिरूरला. मंडपवाल्याकडं."

"बरं झालं. तेवढंच पाय मोकळे. बाळ कसंय?"

"नाक तुज्यावानी हाय म्हनतेत समदे."

"मंग नशिबवान निघंल."

दोघं हसत-बोलत वस्तीवर पोचली. मोटरसायकल ओट्यालाच लावलेली होती आणि थोरला भाऊ धोंडीराम मंडपाच्या बांबूला दोरी आवळत होता. सत्यशीलानं गाडीकडं बघितलं नाही. अजिनाथनंही नाही.

अजिनाथ कुठलंच वाहन चालवत नसे. कुणी विचारलं तर घरातले सांगत, त्याला चक्कर येती. एवढी टोळी घेऊन ऊसतोडीला जायचे, मग बबनराव मुकादमांनी ट्रॅक्टर का विकून टाकला, असं कुणी म्हणालं तर वडील बबनराव म्हणत, डिझेल परवडत न्हाई. थोरल्या सुनेला पुढं मूल का झालं नाही, तर आई भिवराबाई म्हणत, देवाची मर्जी. उत्तरं सगळी तयार असत, आणि इतक्या गोड आवाजात दिली जात की विचारणाराच ओशाळून पाऊसपाण्याचं काढी.

गोष्ट एकच होती. ती ज्या साली घडली त्याला या घरात 'तिकडचं साल' म्हणत. बाकीची सालं दुष्काळाची, लग्नांची, विहीर फोडल्याची. हे नुसतं तिकडचं. तिकडं, कारखान्याच्या पट्ट्यात, नदीकाठच्या फडात बबनरावांची टोळी उतरली होती. धोंडीराम आणि मोहिनीचा पोरगा चार वर्षांचा. दुपारी मोहिनीनं त्याला ट्रॉलीच्या सावलीत पाचटावर गोधडी टाकून निजवलं आणि ती मोळ्या बांधायला गेली. अजिनाथ तेव्हा सोळा-सतराचा, नुकता ट्रॅक्टर शिकलेला. ऊस भरायला जवळ पडावा म्हणून त्यानं ट्रॉली मागं घेतली.

बबनरावांनी तिथंच, फडात, टोळीला गोळा केलं आणि सांगितलं, पोरगं तापानं गेलं. नातू तर गेला, आता पोरगा जाऊ द्यायचा नाही. नदीच्या काठाला खड्डा केला. दोन दिवसांनी मोहिनी पुन्हा मोळ्या बांधत होती. हंगाम संपवून टोळी गावी आली तोवर ताप सगळ्यांच्या तोंडात इतका बसला होता, की भेटायला आलेल्या बायकांना भिवराबाई तापावर काय काय औषधं केली तेही सांगू लागल्या. पुढं मोहिनीचं पोट दुखायला लागलं. टोळीतल्या कितीतरी बायांची गर्भपिशवी काढली होती, तशी तिचीही काढली. पंचविशीसुद्धा झाली नव्हती तिला. तेव्हाही तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"आलीस माय," म्हणत भिवराबाईंनी लेकीच्या पायावर पाणी घातलं.

"वैनी कुठंय?"

"आत हाय. घुगऱ्या तिच्याकडंच दिल्यात. तिच्या हातासारख्या दुसऱ्या कुनाला जमतेत?"

सत्यशीलाला अर्थ कळला. ज्या बाईचं लेकरू गेलं, पोट रिकामं झालं, तिनं पाळण्याजवळ येऊ नये, ते असं सांगून झालं होतं.

मोहिनी चुलीपुढं बसली होती. मोठ्या पातेल्यात गहू न् हरभरे रटरटत होते. केस कानाजवळ पांढरे झालेले, पण पदर पहिल्यासारखाच घट्ट खोचलेला.

"आल्या का वन्सं. च्या टाकू?"

"राहू दे. दमलीस का गं?"

"दमायचं काय त्यात. लाकडं वली हायत जरा."

"बाळाला घेतलंस का मांडीवर?"

"घेतलं की. काल माहेरहून आनलं तवा घेतलंतं. मंग कामं निघाली." तिनं पळी पातेल्यात फिरवली. "करिष्मा हाका मारतीया तुमाला. जा बरं."

सत्यशीला निघाली. दोघी नणंद-भावजयांचं असंच होतं; एकमेकींवर जीव होता, म्हणून एकमेकींना कधी काही विचारत नव्हत्या.

अजिनाथची बायको करिष्मा चकलांब्याची. बारावी शिकलेली, तोंडानं फटकळ, मनात काही न ठेवणारी. अजिनाथनं किती वर्षं स्थळं परतवून लावली होती. शेवटी ही पोर घरात आली आणि चार वर्षांनी, मच्छिंद्रनाथाच्या गडाला नवस करून, पाळणा हलला. बाळंतपण माहेरी झालं, पण बारसं आमच्या दारात होईल असं बबनरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं. खोलीत शिरल्या शिरल्या करिष्मानं दार लोटून घेतलं आणि पलंगाखालून एक खोकं ओढलं.

"आक्का, कुनाला सांगू नगा. ह्यांनाबी म्हाईत न्हाई. माज्या भावानं गेवराईहून करून आनलंय. पाळन्याच्या मागं पडद्याला लावायचं."

थर्माकोलची सोनेरी अक्षरं होती. करिष्मानं ती एकेक करून गोधडीवर मांडली. आ. दि. ना. थ.

"नाथाच्या नवसाचं लेकरू हाय. आन् अजिनाथाचा आदिनाथ. कसं वाटतंय?"

सत्यशीला पलंगाच्या कडेवर बसली. मोहिनीच्या लेकराच्या बारशाला ती परकरातून नुकती साडीत आलेली पोरगी होती. ते नाव तिनंच काढलं होतं. पाळण्यात वाकून त्याच्या कानात तिनंच सांगितलं होतं, आणि मागून बायकांनी पाठीत इतके धपाटे घातले होते की ती तोंडावर पडायची राहिली. पुढं घरात, गावात, टोळीत सगळे त्याला सोन्या म्हणत. खरं नाव तेवढं त्या दिवशी घेतलं गेलं. करिष्माला सोन्या माहीत होता. तापानं गेलेला सोन्या. आदिनाथ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

"चांगलं हाय," सत्यशीला म्हणाली. "जरा जुनं न्हाई वाटत?"

तो आवाज तिचा नव्हता. तो तिच्या आईचा होता, तसाच मऊ, तसाच गोड. तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरामागं कडब्याच्या गंजीच्या सावलीत तिनं आईला, बापाला आणि धोंडीरामला गाठलं. ऐकल्यावर भिवराबाई खाली बसल्या.

"कुनी सांगितलं तिला?"

"कुनीच न्हाई सांगितलं माय. म्हनून तर झालं हे."

बबनराव काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सत्तरीला आले तरी टोळी हाकणाऱ्या मुकादमाचा ताठा गेला नव्हता. थोडा वेळ ते मंडपाकडं बघत राहिले.

"अक्षरं कापून आनलीत म्हनलीस?"

"व्हय."

"मंग 'आदि' तसंच राहू द्या. 'नाथ' काडा आन् तितं 'त्य' लावा. आदित्य. हल्ली ठेवतेतच लोक. पोरीचं मनबी राहील."

कुठल्याही अडचणीतून आप्पा इतक्याच झटकन वाट काढत. फडातही अशीच काढली होती.

"आप्पा, तिला खरं कारन सांगूया की."

"कसलं कारन?" बबनरावांनी विचारलं. आवाज चढला नाही, कपाळाला आठी पडली नाही. खरोखरच काही ठाऊक नसल्यासारखे ते लेकीकडं बघत राहिले.

"दादा, तू तरी बोल. तुजं लेकरू हुतं."

धोंडीरामनं दोरीचा तुकडा बोटाभोवती गुंडाळला, सोडला.

"टाकीत पानी आलंय का बगतो," तो म्हणाला आणि गेला. टाकी मघाच भरून वाहत होती.

"मंग वैनीला तरी इचारा."

"तिला कावून?" भिवराबाई कळवळून म्हणाल्या. "आजच्या दिवशी तिला कावून तरास द्यायचा? बिचारी इसरलीय समदं. तू आत्या हायस, तूच सांग धाकटीला. गुरुजी नगं म्हनले म्हनावं."

सत्यशीला गेली आणि गुरुजींचं नाव सांगितलं. करिष्मा बाळाला पाजत होती. तिनं मान वर केली.

"कोनते गुरुजी? रास तर माज्या बापानं काडून आनलीय."

"हितले गं. आप्पांच्या वळखीचे."

"आक्का, माज्याकडं बगून सांगा."

सत्यशीलाला बघता येईना. करिष्मानं बाळ खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"चार वर्सं झाली मला ह्या घरात. मी काय बी इचारलं की समदे पानी देतेत, च्या देतेत, जेवली का म्हनतेत. उत्तर कुनी देत न्हाई. ह्यांना गाडी का येत न्हाई म्हनलं तर मामी मला लाडू देतेत! माज्या लेकराच्या नावात काय वंगाळ हाय, येवढं तर कळू द्या."

तिनं अक्षरं गोळा केली आणि सत्यशीला नको नको म्हणेस्तोवर तरातरा स्वयंपाकघरात गेली. भिवराबाई तिथं नारळ मोजायचं निमित्त करून मोहिनीवर नजर ठेवून बसल्या होत्या.

"जाऊबाई, तुमी घरात थोरल्या. तुमीच सांगा. आदिनाथ नावात काय खोट हाय?"

मोहिनीच्या हातातली पळी पातेल्यातच थांबली.

"काय म्हनलीस?"

"आदिनाथ."

"पुन्ना म्हन."

करिष्मा गोंधळली. तिनं सासूकडं पाहिलं, नणंदेकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आदिनाथ."

मोहिनीनं डोळे मिटले. तहानलेल्या माणसानं पहिला घोट तोंडात धरून ठेवावा तशी ती बसली होती.

"मोहिने, जाळ कमी कर बाई," भिवराबाई म्हणाल्या. "घुगऱ्या बुडाला लागतेल."

"लागू द्या मामी."

लग्न होऊन आल्यापासून तिनं सासूला असं उत्तर दिलं नव्हतं. भिवराबाईंच्या हातातला नारळ घरंगळत उतरंडीपर्यंत गेला.

"नावात खोट न्हाई," मोहिनी करिष्माला म्हणाली. "लई चांगलं नाव हाय. माज्या लेकराचं हुतं. वन्संनीच ठेवलंतं."

"सोन्याचं?" करिष्मा म्हणाली. "मला... मला सोन्याच म्हाईत हुतं जाऊबाई. तापानं गेला येवढंच. देवाशप्पत."

तापाचं नाव निघाल्यावर मोहिनीनं विस्तवाकडं बघितलं. त्याच वेळी मागच्या दारात अजिनाथ खांद्यावर पाण्याची घागर घेऊन उभा असलेला सगळ्यांना दिसला. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्यानं घागर खाली उतरवली, जपून, थेंबही न सांडता, आणि आल्या वाटेनं निघून गेला. त्याला कुणी हाक मारली नाही.

"मी बदलते नाव," करिष्मा म्हणाली. "आत्ता बदलते. तुमचं मन दुखवून..."

"बदल. पर अपशकुन हाय म्हनून न्हवं बरं का." मोहिनीनं पळी बाजूला ठेवली. शब्द जुळवताना तिची दमछाक होत होती. "मला कुनी इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुनी इचारलंच न्हाई. ते नाव येकाचं हाय. तिकडं त्याच्यावर दगडसुदिक न्हाई ठेवला. फोटो न्हाई. नाव तेवढं हाय त्याचं. ते बी दुसऱ्याला दिलं तर मंग तो... मंग तो हुताच कुठं गं?"

करिष्मानं अक्षरं जमिनीवर पालथी ठेवली आणि जावेच्या पायाशी बसकण मारली. तेवढ्यात अंगणातून बबनरावांचा आवाज आला, चकलांब्याची पाहुणेमंडळी आली, बायकांनी पाळण्याकडं चलावं. भिवराबाई लगबगीनं उठल्या. "चला चला, येळ निघून चाललीय. करिष्मा, तोंड धू. झालं ते झालं, आदित्य ठरलंय, लई गोड नाव हाय." त्या जाता जाता थबकल्या, मोहिनीच्या खांद्यावर हात ठेवायला वाकल्या, आणि हात तसाच मागं घेऊन बाहेर पडल्या.

बारसं झालं. मंडपात पाळण्याला झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. मागच्या पडद्यावर 'आदि' सोनेरी आणि 'त्य' खोक्याच्या पुठ्ठ्यावर हळदीनं रंगवलेलं असं नाव लागलं; पाहुण्यांनी त्याचंही कौतुक केलं. बायकांनी बाळाला पाळण्याच्या वरून-खालून फिरवलं, घुगऱ्या ओटीत घेतल्या, आणि सत्यशीला वाकली. बाळाच्या कानाशी दुधाचा, तेलाचा वास होता. कुर्रर्र करून तिनं ओठ कानाला लावले तशा मागून बायकांनी पाठीत धपाधप सुरू केली. पाठ तिला तेव्हाही अशीच दुखली होती. एक क्षण तिच्या तोंडात दुसरंच नाव आलं होतं. ते गिळून तिनं ठरलेलं सांगितलं, आणि वर आली ती डोळे भरून.

"आत्याबाईला लई आनंद झाला!" चकलांब्याची एक बाई म्हणाली.

"व्हय. येकच भाचा हाय ना," दुसरी म्हणाली.

सत्यशीला हसली. मान डोलावली. आणि त्या हसण्याची तिला इतकी लाज वाटली की ती पदर तोंडाला लावून घरात गेली.

बाहेर पंगत बसू लागली होती. आत खोलीत करिष्मा बाळाला घेऊन भिंतीला टेकली होती. मोहिनी तिच्यासाठी ताट घेऊन आली, ताट ठेवून लगेच मागं वळली.

"जाऊबाई, ह्याला धरा जरा. मला मोकळ्या हातानं जेवायचंय," करिष्मा म्हणाली.

"वन्सं हायत की."

"आक्कांचे हात खरकटे हायत."

सत्यशीलाचे हात कोरडे ठणठणीत होते. तिनं ते पदराखाली लपवले. या घरात इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदाच एखादी खोटी गोष्ट माया म्हणून बोललं होतं. मोहिनी खाली बसली. करिष्मानं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. बाळानं चुळबुळ केली, जांभई दिली आणि तिच्या साडीचा काठ मुठीत धरला.

करिष्मानं दोन घास खाल्ले. मग ताटाकडंच बघत विचारलं,

"कसा हुता ओ आदिनाथ?"

मोहिनीचा चेहरा एकदम उजळला. विचारायला कुणी येईल म्हणून आवरून ठेवलेल्या घरात खरंच पाहुणा यावा, तशी ती सावरून बसली.

"गोरा हुता... न्हाई. गोरा न्हवता. ह्यांच्यावानी सावळा. केस... केस लई हुते, मी तेल लावायची." ती थांबली. "तो ना, मला हाक मारायचा तवा..."

ती पुन्हा थांबली. ओठ हलले, पण पुढं काही येईना. तिनं सत्यशीलाकडं बघितलं. त्या नजरेत भीती होती.

"आवाज आठवना वन्सं. कदीपासनं आठवना. लई दिस मी मनात धरून ठेवलाता, रोज रानात जाताना ऐकायची. मंग येकदा ऐकाया गेले तर न्हवताच. कुनाला इचारावं? म्हनलं, आपनच इचारलं तर समद्यांना तरास हुईल."

सत्यशीलानंही आठवून बघितलं. लेकराचं तोंड तिच्यापुढं आलं ते पाळण्यातलं, बारशाच्या दिवसाचं. त्यानंतर लग्न होऊन ती केजला गेली होती. बोलता सोन्या तिनं पाहिला होता तोही असा दोन-चार सणांना. आवाज तिच्याकडंही नव्हता. सगळ्यांनी मिळून इतकी वर्षं जे टाळलं ते टाळता टाळता संपूनच गेलं होतं.

"बोबडा बोलायचा."

अजिनाथ दारात उभा होता. हातात आमटीची बादली, पंगतीत वाढायला निघालेला. त्याची नजर जमिनीवर होती.

"र म्हनताच येत न्हवतं त्याला. ट्रॅक्टरला टॅटल म्हनायचा. मला काका न्हाई म्हनला कदी. टॅटल म्हनूनच हाक मारायचा. ए टॅटल, भाकल खा."

"भाकल," मोहिनी म्हणाली. तिचा हात तोंडावर गेला. "भाकल म्हनायचा. व्हय."

"आवाज जरा घोगरा हुता. सकाळी उठल्यावर जास्तच. तुमी मोळी डोक्यावर घेतली की तो बी उसाचं येक कांडं डोक्यावर घ्यायचा आन् तुमच्या मागं चालायचा. पडलं की तुमच्यावर रागवायचा."

मोहिनी हसली. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतलं पाणी बाळाच्या दुपट्यावर पडलं.

"तुमाला इतकं ध्यानात हाय, भावजी?"

"समदं हाय," अजिनाथ म्हणाला. "माज्याकडनं कायबी जात न्हाई वैनी." त्यानं बादली खाली ठेवली. "त्या दिवशी सकाळपासनं माज्या मागं लागलंतं. मला बसीव, मला बसीव. मी म्हनलो, पयलं झोप, उठलास की बसवतो. म्हनून झोपलं ते. येरवी दुपारचं झोपायचं न्हाई. आन् मी बगितलंच न्हाई मागं. तोंडानं शिट्टी वाजवली, आन् ट्रॅक्टर घेतला मागं."

करिष्माचा हात ताटात तसाच राहिला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. पायी चालणारा, मोटरसायकलला हात न लावणारा, झोपेत दचकून उठणारा आपला माणूस तिला आता पहिल्यांदा पुरता दिसला.

"मला वाटायचं," मोहिनी हळूहळू म्हणाली, "मीच त्याला धाक घालून निजवलं. काम पडलंतं म्हनून. मी तिथं निजवलं नसतं तर..."

"न्हाई वैनी. माज्यासाटी झोपलं."

बाहेर पंगतीत कुणीतरी श्लोक म्हणत होतं.

"तुमी मला कदी शिवीसुदिक दिली न्हाई," अजिनाथ म्हणाला. "इतकी वर्सं गरम भाकर वाढली."

"काय बोलायचं तुमाला? तुमी बी लेकरूच हुता."

"बोलला असता तर बरं झालं असतं ओ."

मोहिनीनं त्याच्याकडं बघितलं. दीर म्हणून रोज डोळ्यांपुढं वावरलेला तो माणूस किती वाळलाय, हे तिला आत्ता दिसत असावं.

"अजिनाथ!" अंगणातून बबनरावांची हाक आली. "आमटी आन. पंगत खोळंबलीय." आवाज मऊ होता, पाहुण्यांसमोर शोभेल असा. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "अजिनाथ!"

तो हलला नाही. भिवराबाई बोलवायला म्हणून दारापर्यंत आल्या. आत मोहिनीच्या मांडीवर बाळ, उंबऱ्याशी डोळे पुसणारा लेक, भिंतीला टेकलेली धाकटी. काहीतरी म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. ऊन लई झालंय, जेवून घ्या, असलं काहीतरी. ते आलं नाही. त्यांनी वाकून बादली उचलली आणि स्वतःच वाढायला घेऊन गेल्या. जाताना त्यांचे पाय जड पडत होते.

खिडकीच्या गजाबाहेर धोंडीराम उभा होता, हे सत्यशीलाला तेव्हा दिसलं. टॉवेल तोंडाशी धरला होता, खांदे हलत होते. नजरानजर झाली तरी तो तिथून गेला नाही.

बाळ झोपलं होतं. मोहिनीनं त्याच्या मुठीतून साडीचा काठ सोडवला नाही.

"बसा भावजी," ती म्हणाली. "हसायचा कसा, ते सांगा."

अजिनाथ उंबऱ्यावर बसला आणि सांगू लागला.